पोलिसात जायचं नाही, पण आज घरीही जायचं नाही: सोलापुरात मदतीचं पहिलं दार कोणतं

विडी कामगार बायकांचे पीएफचे फॉर्म भरून द्यायचं काम मी बरीच वर्षं करते. नाव, वडिलांचं नाव, आधार, खातं इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. वारसाच्या रकान्याशी आलं की एखादी थांबते आणि विचारते, “अक्का, नवऱ्याचं नाव लिहायलाच पाहिजे का ओ?”

नाही लिहिलं तरी चालतं. पीएफच्या योजनेतच तशी सोय आहे. विवाहित बाई आयुक्तांना लेखी कळवून नवऱ्याला ‘कुटुंबा’तून वगळू शकते आणि मुलांची नावं लावू शकते. हे सांगून झालं की मी पेन खाली ठेवते, कारण त्यामागून दुसरं वाक्य येतं आणि ते बहुतेक वेळा एकच असतं: पोलिसात जायचं नाही, पण आज घरीही जायचं नाही.

हा लेख त्या वाक्यासाठी आहे. मदत घेणं वेगळं आणि गुन्हा दाखल करणं वेगळं. जखमेवर उपचार, रात्रीपुरतं छप्पर, वकिलाचा सल्ला, घरात राहण्याचा कोर्टाचा आदेश, यातलं काहीही मिळवण्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे बायका ‘एकदा ठाण्यात गेलं की संसार मोडला’ या भीतीनं सगळ्याच दारांकडे पाठ फिरवतात.

जिवावर बेतलं असेल तर

आत्ता, या क्षणी धोका असेल तर ११२. फोन लागला की आधी जागा सांगा, मग काय चाललंय ते. फोन मध्येच हिसकावला गेला तरी पत्ता पोहोचलेला असतो. पूर्व भागातल्या गल्ल्यांत घरनंबर सांगून कुणाला काही सापडत नाही. कोणत्या देवळामागे, कोणत्या कारखान्याच्या बोळात, असंच सांगा. रुग्णवाहिकेला १०८. लहान मुलाला मारहाण किंवा लैंगिक त्रास होत असेल तर १०९८, आणि हा फोन मूल स्वतःही करू शकतं.

महिलांसाठीची हेल्पलाइन १८१ आहे. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. नुसतं बोलायचं असेल, पुढे काय करावं हे विचारायचं असेल तरी लावा.

शेजाऱ्यांना एक गोष्ट सांगते. यंत्रमाग चालू असले की भिंतीपलीकडची किंकाळीसुद्धा ऐकू येत नाही, हे खरं. पण माग बंद झाल्यावर ऐकू येतंच. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे चांगल्या हेतूनं माहिती देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. ‘आपण मध्ये पडलो तर आपल्यावरच केस होईल’ ही भीती बाळगू नका.

फोन झाल्यावर कॉलची नोंद पुसून टाका. नवरा मोबाईल तपासणारा असेल तर आपल्या मोबाईलवरून लावूच नका. शेजारणीचा, कारखान्यातल्या मैत्रिणीचा घ्या.

आज रात्री कुठे

‘सखी’ वन स्टॉप सेंटर. ही केंद्राची योजना २०१५ पासून सुरू आहे. एकाच छताखाली पाच गोष्टी मिळाव्यात अशी तिची रचना आहे: वैद्यकीय मदत, पोलिसांची मदत, कायद्याचा सल्ला, समुपदेशन आणि तात्पुरता निवारा. हा निवारा साधारण पाच दिवसांचा असतो. घरातली मारहाण, बलात्कार, छेडछाड, अॅसिड हल्ला, पळवून आणलेली मुलगी, कोणत्याही प्रसंगात जाता येतं. जात, धर्म, लग्न झालंय की नाही, काही आड येत नाही. १८१ वर फोन करून ‘सोलापूरच्या सखी सेंटरला जोडून द्या’ म्हणा. कसं यायचं तेही तिथूनच विचारा आणि निघण्याआधी येत असल्याचं कळवा. रात्री अपरात्री रिक्षावाल्याला पत्ता विचारत फिरण्याची वेळ येऊ नये.

पाच दिवस फार नाहीत. पण पाच दिवसांत डोकं थाऱ्यावर येतं, डॉक्टरला दाखवून होतं, वकील मिळतो, माहेरी निरोप जातो. त्यानंतरही जायला जागा नसेल तर सेंटरमधूनच जास्त काळ राहण्याच्या गृहात पाठवतात. पूर्वीच्या स्वाधार आणि उज्ज्वला योजना एकत्र करून आता ‘शक्ती सदन’ म्हणतात ते हेच.

आश्रयाला जायची लाज वाटते असं पुष्कळजणी म्हणतात. आपल्या जिल्ह्यातच, पंढरपुरात, घरानं टाकलेल्या बायका-लेकरांसाठी १८७५ साली बालकाश्रम उघडला होता. दीडशे वर्षांपूर्वी लोकांना ती गरज कळली होती, मग आपण कशाला लाजायचं?

सिव्हिलमध्ये काय सांगायचं

सोलापुरात सिव्हिल म्हणजे वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. मार लागला असेल तर त्याच दिवशी जा. वण दोन-तीन दिवसांत रंग बदलतो, आठवड्यात जातो.

डॉक्टर विचारतात, “कसं लागलं?” इथं नव्वद टक्के केसचं भवितव्य ठरतं असं मी म्हणते (आकडा माझ्या मनाचा, पण अनुभव खरा). सोबत सासू उभी असते म्हणून बाई म्हणते, जिन्यावरून पडले. ते वाक्य केसपेपरवर उतरतं. वर्षभरानं कोर्टात समोरचा वकील तोच कागद पुढे करतो. म्हणून सोबतच्याला बाहेर थांबायला सांगा आणि डॉक्टरला खरं सांगा: कुणी मारलं, कशानं मारलं, किती वाजता. ‘एमएलसी’, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामी येणारी वैद्यकीय नोंद, करायला सांगा, तिचा नंबर लिहून घ्या, केसपेपर जपून ठेवा. एमएलसी झाली की दवाखाना पोलिसांना कळवतो. त्यावर सज्ञान बाईनं ‘मला आत्ता तक्रार द्यायची नाही’ असं सांगितलं तर तशी नोंद होते आणि उपचार होतातच. अठरा वर्षांखालच्या मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर मात्र पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे.

बलात्कार झाला असेल तर आंघोळ न करता, कपडे न धुता जाणं चांगलं. अंगावरचे कपडे बदलले असतील तर कागदी पिशवीत न्या, प्लास्टिकमध्ये ते कुबट होतात. आंघोळ झाली असली तरी जा. शरीरावरचा पुरावा साधारण ९६ तासांपर्यंत, म्हणजे चार दिवस, घेता येतो. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी आणि एचआयव्ही होऊ नये म्हणूनची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी. या उपचारांना सरकारी असो वा खासगी, कोणताही दवाखाना नकार देऊ शकत नाही आणि पैसेही घेऊ शकत नाही. नकार दिला तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. तपासणी तुमच्या संमतीनंच होते. ‘टू फिंगर टेस्ट’ नावाचा, योनीत दोन बोटं घालून तपासण्याचा घाणेरडा प्रकार सुप्रीम कोर्टानं बंद केला आहे. २०२२ च्या निकालात तर ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरू असं बजावलं आहे.

पिशवी

घर सोडावं लागेल अशी कुणकुण असेल तर कागद आधी बाहेर काढा. सगळे एकदम काढलेत तर लक्षात येतं. एकेक करून माहेरी, मैत्रिणीकडे, जिथं विश्वास असेल तिथं ठेवा. आधार, रेशनकार्डची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, लग्नाचा दाखला किंवा पत्रिका आणि फोटो. विडी कामगार असाल तर ओळखपत्र आणि पीएफ नंबर. दागिन्यांच्या पावत्या, त्या नसतील तर दागिने घातलेले लग्नातले फोटो. माहेरून आलेलं आणि तुम्हाला दिलेलं ते स्त्रीधन, त्यावर हक्क तुमचा.

नवऱ्याच्या कमाईचा पुरावा ही सगळ्यात अवघड गोष्ट. मागावर काम करणाऱ्याला आठवड्याचा पगार हातात मिळतो, स्लिप नाही. मग हजेरीकार्डाचा फोटो, गाडीच्या हप्त्याचा मेसेज, घरभाड्याची पावती, बचतगटातलं त्याच्या नावचं कर्ज, जे मिळेल ते. पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं. नवरा ‘महिना पाच हजार’ म्हणाला की तुमच्याकडचा कागद बोलतो.

आता बँक खातं. लाडक्या बहिणीचे दीड हजार, पीएफ, मुलीची शिष्यवृत्ती, सगळं खात्यात येतं आणि ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाईलवर. घर सोडण्याआधी नाही जमलं तर सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन मोबाईल नंबर बदला, एटीएम कार्ड बंद करून नवं घ्या. आधारला जोडलेला नंबरही पाहा.

कोर्टाचा आदेश, एफआयआरशिवाय

या भागाची माहिती सगळ्यात कमी आहे आणि उपयोग सगळ्यात जास्त, म्हणून जरा सावकाश वाचा.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा आहे. त्यात अर्ज केला म्हणून नवऱ्याला अटक होत नाही. मार म्हणजेच हिंसा असंही हा कायदा मानत नाही. शिव्या, टोमणे, घरखर्च न देणं, पगार काढून घेणं, जबरदस्तीचा शरीरसंबंध हे सगळं त्यात येतं. बायकोच नव्हे, आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, कुणीही अर्ज करू शकते.

पहिलं माणूस म्हणजे संरक्षण अधिकारी. महिला व बालविकास विभागाचे हे अधिकारी. तुमच्या तालुक्याचे कोण, ते जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात किंवा १८१ वर समजतं. ते तुमचं ऐकून कौटुंबिक घटना अहवाल लिहितात, कचेरीत सगळे त्याला ‘डीआयआर’ म्हणतात. घाई करू नका. तारखा आठवत नसतील तर सण धरून सांगा: गड्ड्याच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, आषाढीच्या आठवड्यात, धाकटीच्या बारशाला. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. प्रत मोफत मिळते.

तो अहवाल आणि अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज वकिलामार्फत किंवा स्वतः थेटही देता येतो. काय मागायचं ते नीट ठरवा, कारण न मागितलेलं कोर्ट देईलच असं नाही. मारहाण आणि फोन करून त्रास देणं थांबवण्याचा संरक्षण आदेश, घरातून न काढण्याचा किंवा वेगळ्या भाड्याच्या घराचा निवास आदेश, खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, भरपाई. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला हक्क नाही, असं सर्रास सांगतात. सामाईक घर नातेवाइकाच्या मालकीचं असलं तरी तिथं राहण्याचा दावा करता येतो, हे सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे.

कायदा म्हणतो, पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा. प्रत्यक्षात तारखा लांबतात. म्हणून कलम २३ खालचा अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता, आदेश पहिल्याच अर्जात मागा. आदेश हातात आल्यावर त्याची प्रत कायम जवळ ठेवा. संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र गुन्हा (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा पोलिसांना नुसती प्रत दाखवायची.

आपल्या जिल्ह्यासाठी एक फार महत्त्वाची तरतूद. सोलापूरच्या कितीतरी मुली कलबुर्गी, विजयपूर, हैदराबादकडे दिलेल्या आहेत. मार खाऊन माहेरी आल्यावर त्यांना सांगितलं जातं, ‘केस तिकडंच करावी लागेल.’ चूक. तुम्ही सध्या जिथं राहता, तात्पुरत्या का होईना, तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो. छळाचा फौजदारी गुन्हाही आसरा घेतलेल्या ठिकाणी दाखल होऊ शकतो, असा सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे.

वकिलाचे पैसे? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालयात. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. १९८७ च्या कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. अर्जावर उत्पन्नाचा दाखला मागितला तर ‘महिला म्हणून अर्ज करते आहे’ एवढं सांगा. हेल्पलाइन १५१००. बलात्कार, बालकांवरचा लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांसाठी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना आहे. प्रकरणानुसार १० लाखांपर्यंत अर्थसाहाय्य मिळतं, तेही याच प्राधिकरणातून.

ठाण्यात जायचं ठरलं तर

सोलापूर शहराचं पोलीस आयुक्तालय वेगळं आणि ग्रामीणचे अधीक्षक वेगळे. कुंभारीच्या घरकुलात राहणारी बाई कामाला रोज शहरात येते, पण तिचं ठाणं ग्रामीणमध्ये. मग ‘आमची हद्द नाही’ ऐकायला मिळतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, ठाण्यानं नोंद घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. याला झिरो एफआयआर म्हणतात.

दुसरी अडचण एनसीची. ‘साहेबांनी लिहून घेतलं’ म्हणून बाई खूश होऊन येते आणि हातातली चिठ्ठी पाहिली तर ती अदखलपात्र नोंद निघते. एका थपडेची बहुधा एनसीच होते. सततचा छळ, हुंड्याची मागणी, जीव द्यावासा वाटेल असं वागणं, हे न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये बसतं (जुनं ४९८ अ) आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. तक्रार तुम्ही स्वतः किंवा नातेवाईक देऊ शकता. म्हणून शेवटची मारहाण तेवढी सांगू नका, लग्नापासूनचं सांगा. अशा गुन्ह्यात पोलीस वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करू शकतात, तेव्हा ‘चौकशी चालू आहे’ म्हणाले तर ती कोणत्या तारखेला सुरू झाली ते विचारा.

मराठीत अडखळत असाल तर तेलुगु, कन्नड, उर्दू, ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत सांगा. समजणारं माणूस सोलापुरात कुठल्याही ठाण्यात निघतं. लिहिलेलं वाचून दाखवणं आणि एफआयआरची प्रत मोफत देणं बंधनकारक आहे. नोंद घेतलीच नाही तर तीच तक्रार लेखी, स्पीड पोस्टानं, शहरात आयुक्तांना किंवा ग्रामीणमध्ये अधीक्षकांना पाठवा. पोस्टाची पावती टाचून ठेवा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी.

फोटो पसरवण्याची धमकी असेल तर मेसेज डिलीट करू नका, नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांविषयीची तक्रार नाव न देताही करता येते. कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ असेल तर दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्यात अंतर्गत समिती हवी. गारमेंटच्या छोट्या युनिटमध्ये किंवा घरकामाला असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. मुदत तीन महिन्यांची, ती चुकवू नका.

बैठक

आमच्याकडे ठाण्याआधी समाजाची बैठक बसते. पंच मोठी माणसं असतात, कधी चांगला मार्गही काढतात. पण मी पाहिलेल्या बहुतेक बैठकांत ‘पुन्हा असं करणार नाही’ हे तोंडी असतं आणि ‘तक्रार मागे घेते’ हे लेखी. तडजोड करायचीच असेल तर दोन्ही लेखी करा: कुठं राहायचं, महिन्याला किती, कुठल्या तारखेला, दारू पिऊन आला तर काय. मूळ कागद आपल्याकडे. पोलिसांच्या महिला कक्षात समुपदेशनाला बोलावतात तेव्हाही हेच. ‘विचार करून सांगते’ म्हणायचा अधिकार तुम्हाला आहे. ऐकलं नाही म्हणून वाळीत टाकण्याची धमकी आली तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे पंचांना आदरानं ऐकवलं तरी बैठकीचा आवाज खाली येतो.

सोबत जाणाऱ्यांसाठी

बाईबरोबर जाणारं माणूस फार बोलकं नको. मी स्वतः सुरुवातीला तिच्याऐवजी मीच सांगत सुटायचे. एका अधिकारी बाईंनी मला बाहेर बसवलं, बरोबरच केलं.

तिच्याकडे दुपारचं जेवण आहे का पाहा. कोर्टात दिवस गेला की हजार विड्यांची मजुरी जाते, घरी मुलं शाळेतून आलेली असतात. करमाळा, माळशिरसवरून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तरी येणं-जाणं पूर्ण दिवसाचं. शक्य असेल तर अर्ज तालुक्याच्या कोर्टातच करा. वकिलाला सांगून ठेवा की ज्या तारखेला तिची गरज नाही तेव्हा गैरहजेरीचा अर्ज द्या. पुढची तारीख दोन ठिकाणी लिहा, एक तिच्याजवळ आणि एक तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, नुसता आकडा, नाव नको.